जगदाळ्यांचे पणजोबा गोरे करा

"बाई, आमच्या पणजोबांना परत गोरं करा. आत्ताच्या आत्ता!"

म्यूझियमच्या गॅलरीत भाऊसाहेब जगदाळे ओरडत होते. त्यांच्या मागे घरचे, शेजारचे, गल्लीतले मिळून ही गर्दी! आणि माझ्या हातात कापसाचा बोळा. मी रेस्टोरर, म्हणजे जुनी चित्रं साफ करणारी, दुरुस्त करणारी. नोकरी नवी, अजून प्रोबेशनवर. मध्य प्रदेशही तेव्हा नवाच होता. आमचे वरचे साहेब भोपाळला बसायचे आणि राजधानी तिकडे गेली म्हणून इंदूर अजून फुगलेलं होतं.

भांडण होतं एका मोठ्या तैलचित्रावरून. संस्थानी काळात एका इंग्रज चित्रकारानं काढलेला दरबार. खुर्चीत गोरा साहेब, शेजारी महाराज आणि डाव्या कडेला तलवार टेकवून उभा एक रिसालदार, म्हणजे घोडदळाचा अंमलदार. तो जगदाळ्यांचा पणजोबा. दर दसऱ्याला जगदाळे सहकुटुंब यायचे, चित्रापुढे आपट्याची पानं ठेवायचे, उदबत्त्या लावायचे. नियमात बसत नव्हतं, पण खानदानी लोकांना सांगणार कोण? त्या धुरानं आणि जुन्या व्हार्निशनं चित्र पार चहासारखं झालं होतं. व्हार्निश म्हणजे रंगांवरचा पारदर्शक थर. वय झालं की तो आधी पिवळा आणि मग तपकिरी पडतो. त्या तपकिरीखाली साहेब, महाराज, रिसालदार सगळे एकाच रंगाचे दिसायचे.

मी तो थर उतरवला. ओला बोळा बोटभर जागेवर फिरवायचा, थांबायचं, पुन्हा बोटभर. काय सांगू, एकेक चेहरा बाहेर यायला लागला तशी मला जेवणाची शुद्ध राहिली नाही! साहेब निघाला गुलाबी. महाराज गव्हाळ. आणि रिसालदार निघाला काळा. चांगला तुकतुकीत काळा, आणि डोळे असे की बघणाऱ्यानं आपली नजर खाली करावी. मी एकटीनंच टाळ्या पिटल्या.

जगदाळ्यांनी काही पिटल्या नाहीत.

"तुम्ही ॲसिड-बिसिड लावलंय," भाऊसाहेब म्हणाले. "आमच्या खानदानात असं कोणी नाही."

मी त्यांच्या हातात भिंग दिलं. "बघा, जुना रंग वाळून तडकतो. या बारीक भेगा काळ्या रंगातून आरपार गेल्यात. मागाहून कोणी रंग फासला असता तर भेगा बुजल्या असत्या. हे पहिल्यापासून असेच आहेत."

त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे त्या गोऱ्यानं मुद्दाम केलं. त्याचा साहेब खुर्चीत, गुलाबाचं फूल! आमचा माणूस कडेला, कोळसा! त्याला आम्ही असेच दिसायचो. त्याचं राज्य गेलं, मग त्याची नजर आमच्या भिंतीवर कशाला हवी?"

मुद्दा खोटा नव्हता.

"म्हणूनच पुसायचं नाही," मी म्हटलं. "पुसलं तर त्यानं कुणाला खुर्ची दिली आणि कुणाला कड, हे पोरांना कळणार कसं? आणि कोळसा कुठाय, भाऊसाहेब? साहेबापेक्षा जास्त जीव या चेहऱ्यात ओतलाय त्यानं."

पण ऐकतंय कोण! "पणजोबांचा अपमान नहीं चलेगा!" अर्धी मराठी, अर्धी हिंदी, अस्सल इंदुरी घोषणा सुरू झाली.

आमचे क्यूरेटर तिवारीजी म्हणजे म्यूझियमचे प्रमुख. माणूस भला, पण घोषणा ऐकल्या की त्यांना आधी भोपाळ आठवायचं. त्यांनी मला केबिनमध्ये घेतलं.

"मॅडम, भोपाल से फोन आ गया. जरा-सा हाथ फेर दीजिए. गेहुँआ कर दीजिए, बात खतम."

"सर, आम्ही रंग उडालाय तेवढीच जागा भरतो. शाबूत रंगावर ब्रश लावणं म्हणजे खाडाखोड."

"आप प्रोबेशन पर हैं. याद है ना?"

"याद है, सर. पण मी नाही करणार."

बोलून गेले खरी. घरात कमावणारी मी एकटी. तिवारीजींनी चित्रावर पडदा टाकायला लावला आणि सांगून टाकलं, सोमवारपर्यंत मी हात लावला नाही तर ते बाजारातला साइनबोर्डवाला पेंटर बोलावतील. नोकरीपेक्षा मला त्या पेंटरचीच जास्त धडकी भरली. एकदा तो रंग चढला की संपलं.

सोमवारी पेंटर हजर. डबा उघडून वाट बघतोय. जगदाळे मंडळीही आली, आणि या वेळी बरोबर भाऊसाहेबांची मुलगी होती, कुमुद. बी.ए.ला होती. तिनं चित्र साफ झाल्यावर पाहिलंच नव्हतं. कुणाला न विचारता ती पुढे झाली आणि सर्रकन पडदा ओढला.

आई गं! चित्रात आणि तिच्यात तेच नाक, तेच डोळे, तोच तुकतुकीत काळा रंग. मी पाहिलं, पेंटरनं पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं.

कुमुद वळली. "बाबा, जन्मल्यापासून ऐकतेय, 'ही कुणावर गेली कोण जाणे!' बघायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे आईनं मान खाली घातली. आता कळलं ना कुणावर गेले? खापरपणजोबांवर गेलेय! यांना रंगवणार असाल तर आधी मला रंगवा."

पेंटरनं डब्यावर झाकण दाबलं. "अपन नी करेंगे भिया. छोरी सही के री है."

भाऊसाहेब एकदा चित्राकडे बघत, एकदा पोरीकडे. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. "यांच्या एका हाकेवर सगळा रिसाला घोड्यावर चढायचा, बाळ," ते म्हणाले. "बाई, तो पडदा काढून टाका."

मला असा आनंद झाला की मी भर गॅलरीत पेंटरशीच हात मिळवला!

तिवारीजींनी भोपाळला कळवलं, मामला शांत. माझं प्रोबेशन मात्र वाढलं, हुकूम मोडल्याबद्दल. चित्र अजून तिथंच आहे, जसं निघालं तसं.

पुढे नव्या रेस्टोररना मी एकच सांगत आले: चित्राला बोळा लावण्याआधी ते ज्यांचं आहे त्या घरच्यांना बोलवा. आणि बोलावताना नुसत्या बाप्यांना बोलावू नका.