एक्सरेबाई आणि केनवडचे पाहुणे

आमची धाकटी नणंद भाकर थापायला बसली की तवा वाट पाहून काळा पडायचा. सकाळचा चहा ती जेवणापर्यंत पुरवायची. आणि काम काय, तर जगातली सगळ्यात झटपट घडणारी गोष्ट पाहायची! रेणूवर उजेड पडला की त्याच्या अणूंमधला बंध पापणी लवायच्या कितीतरी आधी तुटतो म्हणे. तो तुटतानाच त्यावर क्ष-किरण सोडले तर काय दिसेल, हे ती पुण्याच्या एका संस्थेसाठी आमच्या अनसिंगच्या घरी बसून कॉम्प्युटरवर गणिताने काढायची.

गावाने तिला एक्सरेबाई करून टाकलं. शेजारचा बुढा गुडघा धरून आला. "बाई, याचा फोटू काढ."

"आबाजी, माह्याजवळ मशीन नाही. मी सगळं हिशेबानं पाहतो."

"मंग माहा गुडघा काय हिशेबानं दुखून राह्यला?"

तिने त्याला अणूपासून समजवायला घेतलं. बुढा ऐकता ऐकता झोपला, उठल्यावर "गुन आला" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी बुढीलाही घेऊन आला.

तिला कॉम्प्युटरसकट पत्करणारा एकच मुलगा निघाला, केनवडचा. फोनवर तिच्या कामाचं सगळं ऐकून त्याने उलट आवडीने आणखी प्रश्न विचारले होते. "वैनी, हे मोडलं तं मी दुसऱ्या कोनाले हो म्हननार नाही," तिने बजावलं.

"मग पाहुण्यांसमोर इंग्रजी झाडू नको," मी म्हटलं. "साध्या मराठीत सांग."

पाहुणे तिघे आले: मुलगा प्रकाश, त्याची आई आणि धाकटी बहीण रेणू. पोहे झाले. आईने विचारलं, "पोरी, तू काम काय करतं?"

नणंदेने बराच विचार केला आणि स्वच्छ मराठीत सांगितलं, "प्रकाशामुळे रेणूचा बंध कसा तुटतो, ते शोधते."

आईची बशी कलली. "तुले हे कोनं सांगतलं?"

रेणू ताडकन उठली. "माही सोयरीक भाऊच्यानं तुटली? मले तं पत्रिका जुळली नाही असं सांगतलं तुमी!"

प्रकाश पंख्याकडे पाहू लागला. शेवटी त्यालाच बोलावं लागलं. रेणूला पाहायला आलेल्या मुलाचा केसांचा टोप, ती आत गेली असताना, वाऱ्याने कानावर उतरला होता आणि प्रकाशला हसू आवरलं नव्हतं. ती मंडळी चहा टाकून गेली.

"टोप होता?" रेणू किंचाळली. "अन् मी त्याच्यासाठी रडून राह्यली होती!" ती हसत सुटली, तर प्रकाशही पुन्हा सुटला.

"नाही, रेणू म्हंजे अणूंचा..." नणंदेने सावकाश सुरुवात केली. मी तिच्या पायावर पाय दिला.

आई मात्र हसली नाही. पदर सावरून ती उभी राहिली. नणंदेचा चेहरा पार उतरला.

"बाई," आई मला म्हणाली, "साखरपुड्याची तारीख काढा."

"म्हणजे पसंत आहे?"

"पसंतीचं काय घेऊन बसल्या! हे पोरगी बाहेर राह्यली तं आमच्या घरातलं सारं गावभर सांगन. घरात नेलेली बरी."