उजव्या आल्टची पूजा

मी वरमाय. रुसायचा हक्क खरं तर माझा. पण इथे विहीणबाईच रोमानियात बसून म्हणाल्या, "लग्न लावून घ्या, मी फोटो बघेन." मुलीला वडील नाहीत, भावंडं नाहीत. आई आली नाही तर ती पोर आमच्या पनवेलच्या हॉलात एकटी उभी राहणार. लेकाला म्हटलं, आग्रहाचं निमंत्रण मीच देणार, त्यांच्या भाषेत, माझ्या हातानं. मशीनकडून भाषांतर करून पाठवायला ती काय गॅसची तक्रार आहे?

होणाऱ्या सुनेनं मजकूर कागदावर लिहून फोटो पाठवला. बघून मी गार. एसला शेपटी, टीला शेपटी, एक ए टोपीवाला, एक ए डोक्यावर वाटी घेतलेला. मोबाइलवर माझी बोटं चालत नाहीत, म्हणून ह्यांच्या कॉम्प्युटरवर बसले. तो लिनक्सवर चालतो. उरणच्या नोकरीतून रिटायर झाल्यापासून ह्यांना दुसरा संसारच नाही. ह्यांनी रोमानियन कीबोर्ड चालू करून दिला.

"उजवा आल्ट दाबून एस दाब, शेपटी येईल. टोपीवाला ए क्यूवर आहे."

"अहो, ए क्यूवर कशाला?"

"ते मी ठरवलेलं नाही."

घोकून घोकून हात बसला. पाठवायला मुहूर्त काढला दसऱ्याचा. सकाळी हत्यारांच्या पूजेत कीबोर्डही मांडला. हळदकुंकू सगळ्याला, पण उजव्या आल्टवर जरा जास्तच अक्षता टाकल्या. म्हटलं, बाबा रे, सगळी भिस्त तुझ्यावर.

दुपारी टाइप करायला बसले तर आल्ट ढिम्म. खाली तांदूळ अडकलेला, बटण दबेचना. ह्यांनी कीबोर्ड उलटा करून आपटला. झेंडूची पाकळी पडली, तांदूळ नाही. "आता कर आरती," म्हणाले. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, "ताई, आज आमची हत्यारं पूजेला हायत. हात लावायचा नाय." कप्पाळ!

तेवढ्यात लेकाचा फोन. त्याच्या सासूबाईंनी लग्नासाठी कामावर रजा आजच मागायला हवी, आणि त्या मागत नाहीत. खरं कारण त्याला आत्ता कळलं होतं. "तिथे मला कोण ओळखतं? मी बसू कुणाशेजारी?" असं म्हणून त्या रडल्या होत्या.

एवढंच होय! आग्रहाचा तो अख्खा कागद मी बाजूला सारला. लेकाला विचारलं, "'माझ्याशेजारी' कसं म्हणायचं रे?" त्यानं सांगितलं. दोनच शब्द, पण त्यात एक ए टोपीवाला आणि एक वाटीवाला. हे अजून कीबोर्ड खोलायला स्क्रूड्रायव्हर शोधत होते. मी दोन्ही ए बोडकेच टाइप केले आणि दिलं पाठवून.

"अगं, असं अर्धवट? काय म्हणतील त्या?" ह्यांनी कपाळाला हात लावला. मलाही धाकधूक होतीच, पण कबूल कोण करतंय.

संध्याकाळी सोनं वाटून आलो तर लेकाचा मेसेज: "रजा टाकली. ती खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणाल्यात."