पाचरीला कुंकू

ती घटना आजही आठवते, असं लोक लिहितात. माझं जरा उलट आहे. निवृत्तीनंतर विश्रामबागेत राहतो, सकाळी दोन चकरा मारतो, आणि नोकरीतले खून-दरोडे एकेक करून विसरत चाललोय. ही एक साधी अपघाताची केस मात्र पाठ सोडत नाही. विसरायचा पुष्कळ प्रयत्न करून झाला.

मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीजवळच्या ठाण्याचा प्रभारी होतो. माघातली दुपार होती. दवाखान्यातून खबर आली की एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसखाली कामगाराचा उजवा हात सापडलाय, चार बोटं गेली. ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मी दोन पंच घेऊन जागेवर गेलो.

प्रेस म्हणजे पत्र्यावर ठोका मारून त्याला आकार देणारं यंत्र. त्याला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी दोन. दोन्ही एकदम दाबली तरच ठोका खाली येतो, त्यामुळे हात आत राहायचा प्रश्नच येत नाही. इथं उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलेलं होतं. मग डाव्या हातानं बटण दाबत राहायचं आणि उजव्यानं पत्रा सरकवायचा. काम भराभर उरकतं. पंचनाम्यात पाचर जप्त केली.

फोरमन पन्नाशीचा, कपाळाला गंध, बोलायला गोड. दुसऱ्या दिवशी ठाण्यात येऊन त्यानं न मागताच एक रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं. साप्ताहिक सुरक्षा तपासणी, दर सोमवारी, प्रत्येक नोंदीखाली त्याची सही. अपघाताच्या दोनच दिवस आधीची नोंद होती: ‘प्रेस चालवून पाहिला. दोन्ही बटणे ठीक.’

“आवं सायेब, सोमवारी म्या स्वता बगितलं. पाचर न्हवती,” तो म्हणाला. “ह्या गड्यानंच ठोकली आसंल, लवकर उरकाय. लय सांगून बगितलं, ऐकतंय कोन?”

याचा अर्थ सरळ होता. कामगारानं स्वतःच सुरक्षेचं साधन निकामी केलं असं ठरलं, तर दोष त्याचा. भरपाईचा हक्क गेला, आणि ‘निष्काळजी माणूस’ हा शिक्का जन्मभर.

दवाखान्यात त्याला भेटलो. तिशीतला, माण तालुक्यातला, दिवाळी झाल्यावर या वर्कशॉपला लागलेला. हाताला बँडेजचं गाठोडं. मी जबाब घ्यायला बसलो तर म्हणाला, “माजीच चूक हाय सायेब. लिवा तसं.”

“पाचर तू ठोकलीस?”

“न्हाई. पर ती हाय, ह्ये दिसत हुतं की मला. काडली न्हाई म्या.”

कॉटजवळ त्याची बायको उभी होती. ती म्हणाली, “मालक यिऊन गेलं तवापास्नं ह्येच लावलंय. चूक तुजी हाय, पर तुला वॉचमन म्हनून ठीवतो म्हनलं. तवापास्नं ह्येंला तसंच वाटाय लागलंय.”

खरं सांगतो, मी फाईल बंद करायच्याच बेतात होतो. निवृत्ती तोंडावर आलेली, टेबलावर बंदोबस्ताच्या कागदांचा ढीग, आणि जखमी स्वतःच कबूल करतोय. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माणूस थकतो, आणि थकलेल्या अधिकाऱ्याला कबुलीजबाब फार आवडतो. ही काही अभिमानानं सांगायची गोष्ट नाही, पण होतं असं.

दोन दिवसांनी ठाण्यात एक बाई आली. वर्कशॉपमध्ये झाडलोट करणारी, पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. खुर्ची दिली तरी बसली नाही.

“माजं नाव कुटं घिऊ नका सायेब. पर फोरमननं तुमास्नी दिली ती वही म्या आदी कवाच बगितली न्हाई. आपिसातली टेबलं रोज म्या पुसते. हात गेला त्या सांजंला फोरमन दार लावून लिवत बसल्यालं.”

ती गेल्यावर रजिस्टर पुन्हा काढलं. माझा रायटर हवालदार पानं उलटून म्हणाला, “साहेब, वर्षभर वर्कशॉपात वावरलेली वही, आणि तेलाचं एक बोट नाही.” मी कॅलेंडर घेऊन एकेक सोमवार पडताळत गेलो. आश्विनातल्या एका सोमवारावर बोट थांबलं. त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या ठाण्यात त्या दिवशी शस्त्रं मांडून पूजा केली होती, नारळ मीच फोडला होता. रजिस्टरात मात्र नेहमीचंच वाक्य होतं, प्रेस चालवून पाहिला.

फोरमनला बोलावलं. दमदाटी करायची मला हौस नव्हती, ताकदही राहिली नव्हती. चहा दिला आणि विचारलं, “तुमच्याकडं खंडेनवमी कशी करता हो?”

गडी खुलला. “आवं, लय झोकात आसती. आदल्या दिशी समदी मशीनं धुवून-पुसून घ्येतो. झेंडूच्या माळा, हळदी-कुक्कू, मालक नारळ फोडत्यात, पेढं वाटत्यात.”

“आणि मशीन चालवता का त्या दिवशी?”

“छ्या! मेन स्विचच बंद. पुजल्याली मशीन दसरा हुईस्तवर कोन चालवील? पाप लागंल की.”

मी रजिस्टर त्याच्याकडं फिरवलं आणि ती नोंद मोठ्यानं वाचायला सांगितली. त्यानं तारीख वाचली, निम्मं वाक्य वाचलं आणि थांबला.

“पूजेचे फोटो काढता का?” मी विचारलं.

खोटं बोलायचं बळ आता त्याच्यात नव्हतं. वर्कशॉपच्या ग्रुपवर टाकलेले फोटो त्यानं स्वतःच काढून दाखवले. चौथ्या फोटोत तो प्रेस होता. गळ्यात माळ, अंगभर हळदी-कुंकवाची बोटं. डाव्या बटणावर एक बोट. उजव्या बटणात ठोकलेली पाचर, आणि पाचरीच्या डोक्यावरही भक्तिभावानं लावलेलं कुंकू. कामगार लागला दिवाळीनंतर, हजेरीपटावर तसं होतं. पाचर त्याच्या आधीपासून तिथं होती आणि सगळ्यांनी मिळून तिची पूजा केली होती. तो मोबाईल जप्त केला, त्याचा पंचनामा केला.

 फोरमन म्हणाला, “मालक म्हनलं माल निगाला पायजे. पाचर म्याच ठोकली, दोन वर्सं झाली. सवय झाली सायेब, दिसंनाशीच झाली ती. आन् वहीचं काय, सही हाय का न्हाई येवडंच समदी बगत्यात. मशीन कोन बगतंय? तुमच्यात तरी बगत्यात का?”

मला राग आला. त्याला बाहेर बसवलं आणि उठून लॉकअपच्या भिंतीपाशी गेलो. तिथं आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं. त्याच्या कार्डावर दर महिन्याला ‘तपासले’ असं लिहून सही करायची असते. खीळ ओढली, दांडा दाबला. नुसती फुस्सदेखील झाली नाही. कार्डावर वर्षभराच्या सह्या होत्या आणि त्या सगळ्या माझ्या होत्या. लॉकअपमध्ये त्या दिवशी तीन माणसं होती. मला त्यांच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी नवीन नळकांड्याची मागणी पाठवली. मालक आणि फोरमन, दोघांवर यंत्राबाबत हयगय करून गंभीर दुखापत आणि खोटा पुरावा तयार करणं अशी कलमं लावून दोषारोपपत्र पाठवलं. लोक गुन्हा लपवायला खोटं लिहितात, असं मी नोकरीभर समजत आलो. पुष्कळदा ते निव्वळ कंटाळ्यापोटी लिहितात, आणि हात कुणा तिसऱ्याचाच जातो. हे समजायला मला निवृत्तीच्या उंबरठ्यापर्यंत यावं लागलं, याची लाज वाटते.

निकाल लागेपर्यंत मी निवृत्त झालो होतो. शिक्षा झाली ती बेताचीच, आणि अपील होणार हेही सगळ्यांना माहीत होतं. कोर्टाबाहेर तो कामगार बायकोबरोबर उभा होता. त्याला वाचता येत होतं, तरी निकालाचा कागद त्यानं माझ्या हातात दिला.

“माज्याबद्दल काय लिवलंय तेवडं वाचा सायेब.”

मी वाचलं. पाचर तो कामावर येण्यापूर्वीपासून होती, आणि अपघातात त्याचा कोणताही दोष दिसून येत नाही.

“परत वाचा.”

मी परत वाचलं. तो हळूच म्हणाला, “बरं झालं. पर ती म्या काडाय पायजे हुती सायेब. रोज दिसत हुती.”

बायकोनं माझ्या हातातून कागद घेतला, नीट घडी घालून पिशवीत ठेवला आणि त्याला म्हणाली, “चला घरी. पटंस्तवर रोज वाचून दावते तुमास्नी.”