मीठ सांगा, वहिनी

शेगडीकडे पाठ करून वकीलसाहेब माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहायचे आणि विचारायचे, "मीठ?"

कढईतला तुकडा मी चाखून सांगेपर्यंत मागे वळायचे नाहीत. जन्मात कोंबडी न खाल्लेला माणूस, त्याला चिली चिकन करायचं होतं. चाखायला मी. मिठाच्या बाबतीत मी कुणाची भीड धरत नाही, हे त्यांना माहीत होतं.

बरकतपुऱ्यात आमची भिंतीला भिंत. बायको गेलेली, कोर्ट सुटलेलं, पण वाद घालायची सवय तशीच. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल, भाजीवाल्याची उलटतपासणी घेणारा.

त्यांच्या लेकीनं चिक्कडपल्लीच्या एका तेलुगू मुलाशी आपल्या मनानं लग्न केलं. साहेबांनी दोन वर्षं दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा जावयाला पुरणपोळी वाढली. पोरगा मान खाली घालून दीड पोळी जेवला. पुढे लेकीच्या तोंडून निघून गेलं, की घरी जाताना त्यानं हॉटेलात थांबून चिली चिकन खाल्लं.

साहेब तडक माझ्याकडे आले. "वहिनी, माझ्या दारातून जावई उपाशी गेला."

"मग पुढच्या वेळी हॉटेलातून मागवा."

"हॉटेलचं तो कधीही खाईल. माझ्या हातचं खाल्लं, तरच माझ्या घरी येत राहील."

त्यांच्या स्वयंपाकघरात देव. म्हणून माझं धरलं. बेगम बाजारातून नवी लोखंडी कढई आणली. कोंबडी मात्र मीच आणायची. साहेब दुकानासमोरच्या फुटपाथवर तोंड फिरवून उभे.

फोनवरच्या व्हिडिओत कृती सांगणाऱ्या मुलीशीही भांडायचे. "चवीनुसार म्हणजे कुणाच्या? नीट सांगा!" नाकाला पंचा, दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या, आणि समोर ती धुतलेली कोंबडी. मला हसू आवरत नसे.

पहिल्यांदा तुकडे ओलेच पिठात घोळवले. तेलात पीठ एकीकडे, कोंबडी एकीकडे. दुसऱ्यांदा सोया सॉसही भरपूर आणि मीठही भरपूर.

"मीठ?"

"तोंडात धरवत नाही."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुढची तारीख घेऊ."

असे कितीतरी रविवार गेले. मग एकदाचं जमलं आणि त्यांनी जावयाला जेवायला बोलावलं.

त्या दिवशी तुकडे कसे खरपूस तळले होते! आलं, लसूण, सिमला मिरची, सगळं जिथल्या तिथे. माझ्या बाहेरच्या खोलीत लेक-जावई येऊन बसले. मी ताटं घ्यायला वळले, तेवढ्यात चर्र आवाज झाला. बघते तर साहेबांनी सवयीनं मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी करून कढईत ओतलेली.

"अहो वकील! आमटी आहे का ती?"

ते हातात पळी धरून उभे. पंच्याच्या वर नुसते डोळे दिसत होते. दुसरी कोंबडी नव्हती. तारीखही नव्हती.

मी तेच वाढलं. जावयानं एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला. साहेब भिंतीकडे तोंड करून बसलेले. मग जावई सासऱ्यांना म्हणाला, "मामय्या, इंकोंचेम." अजून थोडं.

साहेब उठले. कढईकडे सरळ बघून, स्वतःच्या हातानं त्याला वाढलं. आणि विचारलं, "मीठ?"

"एकदम बरोबर," जावई म्हणाला.

"थोडं कमी आहे," मी म्हटलं.

"वहिनी, तुमची साक्ष कुणी मागितली?"

पुढे दर रविवारी तेच व्हायचं, मोहरीसकट. हॉटेलात ती चव नाही, असं जावई म्हणायचा. म्हणे ना का, येत तर होता.

गेल्या थंडीत साहेब गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. जागेपणी दिला तेवढा पुरे होता. लेकीनं घर रिकामं केलं. किल्ली द्यायच्या आदल्या रविवारी दोघं माझ्याकडे आली. जावयानं खुंटीवरची कढई काढली, कोंबडी तळली, वरून फोडणीही दिली. लेक बापासारखीच, अंडंसुद्धा न खाणारी. ती उंबऱ्यावर शेगडीकडे पाठ करून उभी राहिली.

"काकू, मीठ?"

मीठ बरोबर होतं. आता किल्ली दिल्यावर ह्या पोरांना इकडे यायचं काही कारण उरत नव्हतं.

"कमी आहे," मी म्हटलं. "पुढची तारीख घ्या."