स्वर्गात रुमाल चालत नाही

चर्चमध्ये माणसं जितकी कमी, तितके किस्से जास्त! अमडापूरकडच्या आमच्या छोट्याशा चर्चमध्ये तर एकाच भांडणातून इतके किस्से निघाले, की पाळकसाहेबांचे उपदेश कोणाला आठवत नाहीत, पण हे सगळ्यांना पाठ आहेत.

भांडण असं. ख्रिस्त कोणासाठी मेला? योहानमास्तर म्हणतात, "सगळ्यांसाठी!" दानियलकाका म्हणतात, "फक्त देवानं निवडलेल्यांसाठी!" मास्तर शाळेतून रिटायर, काका एसटीतून. कंडक्टर होते. म्हणजे दोघंही मोकळे. मग काय विचारता!

*

एका गाण्यात "सर्वांसाठी" हा शब्द येतो. तो आला की काका तोंड मिटून घेतात अन् मास्तर डबल जोरात ओरडतात.

एका रविवारी मास्तरांचा घसा बसला. शब्द आला, अन् चर्च गपगार! मास्तर आहेतच म्हणून आम्ही कोणी तो शब्द म्हणतच नव्हतो. तेवढ्यात खणखणीत आवाज आला, "सर्वांसाठी!" काकांचा!

बाहेर आल्यावर मास्तरांनी त्यांना मिठीच मारली. काका खेकसले, "चाल पडून राह्यली होती म्हणून म्हटलं! मत नाही बदललं माह्यं!"

*

मग नवीन पाळकसाहेब आले. तरुण, गोड बोलणारे. त्यांनी दोघांना चहाला बोलावलं अन् समजावलं, "तुमचं दोघांचंही बरोबर आहे."

बाहेर पडताना दोघं जन्मात पहिल्यांदा एका सुरात बोलले, "याले काही कळत नाही!"

*

गुलाबराव हे काकांचे लहानपणापासूनचे दोस्त. हिंदू, शेतकरी माणूस, पण नाताळच्या जेवणाला कायम पहिल्या पंगतीत. त्यांच्या कानावर हा वाद गेला अन् बिचारे बेचैन झाले. स्टँडवर चहा पिता पिता माझ्यासमोरच विचारलं, "दान्या, मंग स्वर्गात मी आत का बाहेर?"

"ते पहिलेच ठरलं हाय."

"मले काऊन नाही इचारलं?"

"रिझर्वेशन हाय ते! देवाच्या हातात."

"अन् म्या खिडकीतून रुमाल टाकला तं?"

काका भडकले. "नोकरीभर लोकाईचे रुमाल उचलून फेकले म्या! रुमालानं जागा भेटत नाही बे. स्वर्गात तं बिलकुल नाही!"

गुलाबराव हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले. मला म्हणाले, "सारा जनम संग काढला, अन् शेवटच्या गाडीतून हा मले खाली उतरवून राह्यला." मला फार वाईट वाटलं.

*

मागच्या वर्षी काकांच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. स्ट्रेचर आत जाणार, तेवढ्यात गुलाबराव धापा टाकत आले. डोळे लाल. खिशातून रुमाल काढला अन् काकांच्या मुठीत कोंबला.

"तू पहिले पोचला तं बाजूच्या सीटवर टाक!"

नर्स म्हणाली, "आजोबा, आत काही न्यायचं नाही." पण काका मूठ सोडेचनात!

ऑपरेशन चांगलं झालं. काका घरी आले, बरे झाले, मास्तरांशी भांडायलाही लागले. एक दिवस गुलाबराव म्हणाले, "आता दे माहा रुमाल."

काकांनी उशीखालून रुमाल काढला, घडी नीट केली अन् परत उशीखाली ठेवला.

"राहू दे माह्यापाशी," काका म्हणाले. "तुले खिडकीपाशी पाह्यजे का नाही, तेवढं सांग!"