फिदेन्सिओभाऊंचे तमालेस

जानेवारीत, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाचा गोड पाव कापला आणि त्यात दडवलेली बाहुली नेमकी फिदेन्सिओभाऊंच्या तुकड्यात निघाली. ज्याला बाहुली, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमालेस, म्हणजे मक्याच्या पिठाचे सालात बांधून वाफवलेले उंडे, खाऊ घालायचे. आजवर बाहुली कुणालाही निघो, तमालेस करायच्या त्या भाऊंच्या बायको ओब्दुलियावहिनीच, स्वतःच्या घरी. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांची धाकटी बहीण निकानोरा लगेच म्हणाली, यंदापासून सगळे माझ्याकडे जमू, तमालेस बाजारातून आणू. भाऊंनी साफ नाही म्हटलं. या घरी माणसं यायची थांबली तर ओब्दुलिया दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल, असं ते मला म्हणाले.

मी शेजारीण, म्हणून शिकवणं माझ्या गळ्यात पडलं. जन्मभर ट्रक हाकलेला माणूस! मका उकडताना दाण्यांची टरफलं निघावीत म्हणून पाण्यात चिमूटभर चुना घालतात, याने इतका घातला, की पीठ पिवळंधमक आणि कडूजहर. कोंबड्यांनीही तोंड लावलं नाही. मी वाट्टेल ते बोलले, पण गड्याने चिकाटी सोडली नाही. शेवटी चरबी घालून पीठ इतकं फेटलं, की त्याची गोळी पाण्यावर तरंगली, पीठ जमल्याची खूण ती. मला भरूनच आलं.

दोन फेब्रुवारीला सकाळी निकानोरा आली आणि मक्याच्या सालात बांधलेले तमालेस दाबून पाहू लागली.

"भावोजी, ताईची सर यायची नाही याला. उगाच हट्ट."

भाऊंनी पातेल्यावर झाकण दाणकन आदळलं.

दुपारी माणसं जमली तरी तमालेस कच्चेच. जाळ वाढवला, तरी कच्चे. याचं कारण आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं: चुलीपाशी कुणीतरी रागावलेलं आहे. उपायही ठरलेला, रागावलेल्याने पातेल्यापुढे नाचायचं.

भाऊ पुढे झाले आणि नाचू लागले. अस्वल बरं नाचतं. सगळे हसले, निकानोरा सोडून.

"तुझ्यावर रागावलो होतो," भाऊ तिला म्हणाले. "ती तुझी बहीण होती, हे विसरलोच."

निकानोराने शाल खुर्चीवर टाकली.

"मीही रागावलेय. तिच्याशिवाय या घरात सगळं नीट जमलेलं मला बघवलं नसतं."

मग तीही नाचली, डोळे पुसत.

जाळामुळे म्हणा, नाचामुळे म्हणा, थोड्या वेळाने तमालेसचं साल अलगद सुटलं, म्हणजे शिजले. पहिला घास निकानोराने घेतला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मी आदल्या दिवशीच येते इथे."