डिस्कसची पिल्लं आणि एक दुपार

आमच्या हिंगोलीच्या घरात, अप्पांच्या काचेच्या टाकीतलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं... त्यात देशी बदामाची वाळलेली पानं बुडालेली असत आणि झाकण उचललं की ओल्या पाचोळ्याचा कडवट गंध बैठकभर पसरे. त्या तपकिरी उजेडात बशीएवढे गोल, निळ्या रेघांचे डिस्कस मासे इतक्या संथपणे फिरत, की बघणाऱ्याचाही श्वास सावकाश व्हावा.

हे मासे जंगली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. हैदराबादच्या एका व्यापाऱ्याकडून थर्माकोलच्या खोक्यात, रेल्वेत अप्पांच्या मांडीवर बसून आलेले. त्यांना मऊ, क्षार नसलेलं पाणी लागे आणि आमच्या बोअरचं पाणी हंड्याला पांढरा थर चढवणारं. म्हणून मोटार वायंडिंगचं दुकान चालवणारे अप्पा, माझे वडील, पावसाळाभर पत्र्यावरचं पाणी ड्रमांत साठवत, धोतराच्या फडक्यातून गाळत. आई वैतागे, "इतकं तर लेकरायचं बी न्हाई केलं तुमी!"

चौथ्या वर्षी एका जोडीनं उलट्या कुंडीवर अंडी घातली आणि पिल्लं निघाली. अप्पांनी गल्लीत पेढे वाटले. त्यांना दुसरं काही नकोच होतं.

पिल्लं आईबापाच्या अंगाला लोंबकळत, सारखी टोचत राहत. मी दहा वर्षांची. मला त्या मादीची फार दया आली. अप्पा दुकानात गेल्यावर मी जाळीनं नर-मादी दोघांना बादलीत काढलं — दुपारभर तरी विसावा मिळू दे म्हणून — आणि ते यायच्या आत परत सोडलं. आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव हेच त्या पिल्लांचं दूध, हे मला कुठं ठाऊक होतं! बिथरलेल्या जोडीनं पिल्लांना पुन्हा जवळ येऊ दिलं नाही. निम्मी तर स्वतःच गिळली. तिसऱ्या दिवशी एकही उरलं नाही.

"पान्यातच कायतरी बिघडलं," अप्पा म्हणाले. बादलीची गोष्ट मी लपवली... भीतीपेक्षा लाजच जास्त होती. पुढचे दोन पावसाळे ते फडक्याची दुहेरी घडी करून पाणी गाळत राहिले आणि मी ड्रम धरून उभी राहत असे. त्या जोडीनं पुन्हा अंडी घातली नाहीत.

आता अप्पा थकलेत. मीही थकले आहे. दिवसभर अंगाशी झोंबणारी दोन लेकरं आहेत मला. मागच्या महिन्यात माहेरी गेले, तेव्हा कुणी पाहुण्यानं माशांचा विषय काढला.

"आपल्या गावचं पानीच त्यायला मानवलं न्हाई," अप्पा म्हणाले आणि माझ्याकडे वळले, "व्हय का न्हाई गं?"

"व्हय, अप्पा."